वडापावाचं कर्ज

पन्नाशी गाठलेल्या माणसाला पूर्वी दोन आकडे पाठ असले की भागायचं. साखर आणि बीपी. साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या कंपूत तर नमस्कार-चमत्काराची पद्धतच नव्हती. एकाने "एकशे चाळीस-नव्वद" म्हणायचं, दुसऱ्याने "उपाशीपोटी एकशे बारा" म्हणायचं, आणि चढ सुरू. आता त्यात तिसरा आकडा घुसलाय, सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या गुणांचा. पहिले दोन वाढले की लोक चेहरा पाडून सांगतात, हा वाढला की मान ताठ करून सांगतात. ज्याचा सिबिल आठशेच्या घरात आहे तो ऐन चढावर, धाप लागलेली असतानाही, सांगायला थांबतो. ज्याचा कमी आहे त्याचा गुडघा दुखतो आणि तो घरी राहतो. माझा गुडघा गेल्या दसऱ्यापासून दुखायला लागला.

त्याचं असं झालं. आमच्या जुन्या फ्रिजचं दार आपलं आपण उघडायचं, म्हणून त्याला टेकवून पाण्याने भरलेली कळशी ठेवावी लागायची. रात्री दूध काढायला जाणाऱ्याने आधी कळशी सरकवायची, मग दूध काढायचं, मग कळशी परत ठेवायची आणि शेवटी सांडलेलं पाणी पुसायचं. हे पुसण्याचं खातं माझ्याकडे होतं. दसऱ्याला बिनव्याजी हप्त्यांची जाहिरात आली आणि आम्ही सहकुटुंब पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात गेलो. फ्रिज पसंत पडला. टॅब घेतलेला एक चुणचुणीत मुलगा आला, त्याने पॅन विचारला, आधार विचारला, ओटीपी विचारला. मग टॅबकडे बघून त्याचा आवाज एकदम हळू झाला.

"काका, तुमचं बसत नाहीये."

"काय बसत नाहीये?"

"सिबिल."

हा एवढा एकच शब्द त्याने मोठ्याने उच्चारला. वॉशिंग मशीनमध्ये डोकं घालून ड्रम बघणारे एक गृहस्थ डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघू लागले. मुलगा कनवाळू होता. म्हणाला, "काकूंच्या नावावर बघू का?" बायकोने शिलाई मशीनसाठी कधीतरी छोटं कर्ज काढून वेळेवर फेडलं होतं. तिचं दोन मिनिटांत मंजूर झालं. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. पण तेव्हापासून मी दूध काढायला गेलो की आतून आवाज येतो, "माझ्या फ्रिजचं दार नीट लावा हं."

माझा आकडा होता ५९४. हा स्कोअर ३०० पासून ९०० पर्यंत असतो आणि ७५० च्या पुढे गेला की बँका हसून बोलतात. म्हणजे कोरा पेपर दिला तरी ३०० मिळतात. स्वकष्टाने मी मिळवलेले म्हणाल तर २९४.

वर्षातून एकदा आपल्या कर्जांचा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, ही रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून केलेली सोय. अशा अहवाल देणाऱ्या कंपन्याही देशात एक सोडून चार आहेत. तेव्हा चारही ठिकाणचे मागवले. त्यातल्या एकीने मला सहाशेच्या वर दाखवलं होतं. पुढे बरेच दिवस मी चारचौघांत तिचंच नाव घेत होतो. अहवाल वाचताना मात्र घाम फुटला. माझे जुने पत्ते त्यात होते. ज्या खोलीचं डिपॉझिट घरमालकाने अजून परत केलेलं नाही, त्या खोलीचाही होता. (डिपॉझिट बुडवणाऱ्या घरमालकांचा असा अहवाल कुठे निघत असेल तर मी विकत घ्यायला तयार आहे.) खाली प्रत्येक कर्जाच्या गेल्या छत्तीस महिन्यांच्या चौकटी. हप्ता वेळेवर भरला तर त्या महिन्याच्या चौकटीत तीन शून्यं, उशीर झाला तर उशिराचे दिवस. माझ्या स्कूटरच्या कर्जापुढे सगळी शून्यं बघून मी हादरलो. इतके हप्ते भरून पदरात शून्य? उलट त्याखालच्या कर्जाला ०३०, ०६०, ०९० अशी झोकात प्रगती चाललेली होती. बायकोने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "अहो, शून्य चांगलं. हे खालचं काय आहे? आपण टेम्पो कधी घेतला?"

टेम्पो आम्ही घेतलेलाच नव्हता. तो आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने मेहुण्यासाठी घेतला होता आणि मी जामीन होतो. सहकारी बँकेचं कर्ज म्हटलं की दोन जामीनदार लागतात, आणि आमच्या कचेरीत तर जामिनाची साखळीच आहे. मी त्याला, तो साठेला, साठे पाटलाला आणि पाटील मला. सही घेताना प्रत्येकजण "फक्त नावाला हो" असं म्हणतो, आणि ते शब्दशः खरं निघतं, कारण अहवालात नेमकं आपलंच नाव येतं. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही असा नियम आहे. तो पाळण्याबाबत त्या बँकेला नावं ठेवायला जागा नव्हती. आठ म्हणजे आठ. आमचं घड्याळ बंद पडलं तेव्हा आम्ही त्यावर वेळ लावली.

"तुमचे मित्र फोन उचलत नाहीत," पलीकडचा म्हणायचा.

"माझाही उचलत नाहीत."

"मग तुम्ही का उचलता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरी भानगड क्रेडिट कार्डाची. पुण्यातल्या एका मॉलमध्ये टाय लावलेल्या पोराने ट्रॉली बॅग फुकट म्हणून ते गळ्यात मारलं होतं. बॅगेचं चाक घरी पोचायच्या आत, स्वारगेटलाच निघालं. कार्ड मी कधी वापरलंच नाही, उलट कात्रीने त्याचे चार तुकडे करून ते समारंभपूर्वक कचऱ्यात टाकले आणि कार्ड बंद झालं असं धरून चाललो. आपल्याकडे निम्मी कार्डं अशी कात्रीनेच बंद होतात. बँकेला मात्र कात्री कळत नाही, अर्ज कळतो. पहिलं वर्ष फुकट गेलं, दुसऱ्या वर्षी वार्षिक फी ४९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५८८ रुपये ८२ पैसे. ते भरले नाहीत म्हणून दंड, दंडावर जीएसटी, सगळ्यावर व्याज, व्याजावर पुन्हा जीएसटी. मी झोपेत असताना ती रक्कम वाढत होती. माझ्या कुठल्याही गुंतवणुकीने आजवर असा परतावा दिलेला नाही.

आता सल्लागारांचं बघू. सिबिल खालावलेल्या माणसाला सल्ला देणं हे आपल्याकडे समाजकार्यात मोडतं. खटाव तालुक्यातला चुलतभाऊ म्हणाला, "काळजी करू नकोस, सिबिल मागायचं नाही म्हणून मुख्यमंत्र्यांनी बँकांना दम दिलाय." ते खरं होतं, फडणवीसांनी तसं बजावलंही होतं, पण ते शेतकऱ्यांच्या पीककर्जाबाबत. फ्रिजला पीक धरता येईल का, अशी मी चौकशी केली. विजेच्या खांबावर 'सिबिल वाढवून मिळेल' अशी पाटी होती, तिथेही फोन लावला. तो गृहस्थ म्हणाला, "पाच हजार द्या, आतली ओळख आहे, महिन्यात आठशे करतो." मी विचारलं, "तुमचा स्वतःचा किती आहे?" फोन कट झाला. खरं म्हणजे नोंदी बँका पाठवतात, त्या खऱ्या असतील तर पुसणारा माईचा लाल सिबिलच्या मुंबईतल्या कचेरीतही बसलेला नाही. पण माणूस अडचणीत असला की त्याला खांबावरची पाटी पटते.

सगळ्यात मोठा सल्लागार माझा मेहुणा. त्याचा स्कोअर ८१२. त्याच्या घरातली एकही वस्तू त्याची नाही. घर बँकेचं, गाडी दुसऱ्या बँकेची, फोन हप्त्यावर, बायकोच्या पाटल्या गोल्ड लोनवाल्याच्या तिजोरीत, आणि गेल्या मे महिन्यातली गोव्याची सहल अजून सुरू आहे, म्हणजे हप्त्यांच्या रूपाने. बँकांच्या लेखी सातारा जिल्ह्यात त्याच्याइतका भरवशाचा माणूस नाही. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही अर्जच कमी करता. द्या फोन इकडे." आणि चहा होईपर्यंत त्याने माझ्या नावाने मिळेल त्या अ‍ॅपवर कर्जाचे अर्ज टाकले. "कुठे ना कुठे लागेलच!" कुठेच लागलं नाही. पण कर्ज मागितलं की सावकार आपला अहवाल उघडून बघतो आणि त्या बघण्याचीही नोंद होते. ओळीने इतक्या जणांनी बघितल्यावर माझा स्कोअर आणखी खाली आला. वधूपरीक्षेत नकार आला तर निदान बाहेर कुणाला कळत नसे, इथे कोण कोण बघून गेलं त्याची तारीखवार यादी. आणि त्या क्षेत्रातही हे लोण पोचलंच आहे. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात नवऱ्यामुलाचा सिबिल बघून मुलीकडच्यांनी ठरत आलेलं लग्न मोडल्याची बातमी २०२५ मध्ये आली होती. ती बायकोने मला मोठ्याने वाचून दाखवली. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. आमच्या लग्नाच्या वेळी सिबिल ही संस्थाच जन्माला आलेली नव्हती, ती २००० सालची. माझं नशीब.

टेम्पोचा निकाल लागला तो दुसऱ्या जामीनदारामुळे. हे गृहस्थ तालमीत जाणारे. आम्ही दोघं रविवारी सहकाऱ्याच्या घरी जाऊन बसलो. चहा आला, पोहे आले, त्याचा टेम्पोवाला मेहुणा आला. कुणी पैशाचा विषय काढला नाही. दुसऱ्या जामीनदाराने फक्त पोह्यांची तिसरी बशी मागितली आणि "आम्ही आता दर रविवारी येत जाऊ" एवढंच म्हणाला. महिन्याभरात टेम्पो विकून कर्ज फिटलं.

फिटलं, पण अहवालात फिटेना. बँकेत गेलो. साहेब म्हणाले, "आमच्याकडे तर निल दिसतंय."

"अहवालात थकीत दिसतंय."

"ते वरून होतं."

वर कुठे ते विचारलं तर त्यांनी छताकडे बघितलं. मीही बघितलं. पंखा होता. शेवटी बाकी नसल्याचा दाखला घेऊन ऑनलाइन तक्रार टाकली. यातही रिझर्व्ह बँकेने एक गोड नियम करून ठेवलाय. तक्रार तीस दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई ग्राहकाला. हे वाचल्यापासून माझी नियतच फिरली. तक्रार मिटू नये म्हणून मी मनोमन देवाला हात जोडू लागलो. दिवसाला शंभर म्हणजे महिन्याला तीन हजार, वर्षभर लांबली तर छत्तीस हजार, म्हणजे फ्रिज रोखीने! बायकोला मी तसा हिशेबही मांडून दाखवला. माझ्या बाबतीत आजवर कुठल्याही कार्यालयाने कुठलंही काम वेळेत केलेलं नाही, या अनुभवावर माझा पूर्ण विश्वास होता. मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी मेसेज आला, "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे."

कार्डवाल्या बँकेचा माणूस मात्र प्रेमाने बोलत होता. "सर, सेटलमेंट करून टाका, निम्म्यात मिटवतो." मी हो म्हणणारच होतो, इतक्यात बायकोने फोन काढून घेतला. "निम्मे घेतले की अहवालात तसा शिक्का बसतो, आणि पुढचा सावकार तोच आधी बघतो. दंड माफ करा, बाकी पूर्ण भरतो, आणि पत्र द्या." बरीच घासाघीस होऊन दंड उतरला. हे सगळं तिला कुठून माहीत, असं विचारल्यावर म्हणाली, "बचत गट." आमच्या कचेरीत पन्नास माणसं आहेत, त्यांतल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं.

आता पाटी कोरी झाली होती, पण स्कोअर कोऱ्या पाटीला मिळत नाही. त्यासाठी कर्ज घ्यावं लागतं. गरज नसताना घ्यावं लागतं, आणि ते घेऊन वेळेवर परत करावं लागतं. मला कुणी द्यायला तयार नव्हतं, म्हणून मी बँकेत पंचवीस हजारांची मुदत ठेव ठेवली आणि त्या ठेवीच्या तारणावर बँकेने मला वीस हजारांचं कार्ड दिलं. म्हणजे माझेच पैसे बँकेकडे ठेवून, त्यातलेच थोडे बँकेकडून उसने घेऊन, ते वेळेवर परत करून मी विश्वासू आहे हे सिद्ध करायचं. हे अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, समजावून सांगताना माझंच मधे कुठेतरी गाडं अडकलं.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यात एका रुपयाचं कर्ज नाही. त्यांनी कौतुकाने विचारलं, "माझा किती आहे रे तो सिबिल? नऊशे असेल." बघितलं तर आकडाच नव्हता. दोन अक्षरं होती, 'एनएच'.

"नॅशनल हायवे?" अण्णा म्हणाले. "पुणे-कोल्हापूर लाइनला होतो मी, पण त्यांना कसं कळलं?"

इतिहासच नाही असा त्याचा अर्थ सांगितल्यावर ते चिडले. "माझा इतिहास नाही? सुटे नसले की आम्ही तिकिटामागे बाकी लिहून द्यायचो. उंब्रजला उतरणाऱ्या म्हातारीचे चार आणे राहिले, तर दुसऱ्या खेपेला तिला हुडकून दिले मी. वाण्याची वही एक तारखेला कोरी. विचार वाण्याला!" वाणी वारला होता, वही त्याच्या मुलाने रद्दीत घातली होती, आणि मुंबईला तिची नक्कल कधी गेलेली नव्हती. कर्ज बुडवणाऱ्याला निदान ३०० तरी मिळतात, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. रक्तदाबाची गोळी त्यांनी घेतलेली नव्हती.

इकडे माझी साधना सुरू झाली. नियम असा की मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च करावा. वीस हजारांचे तीस टक्के म्हणजे सहा हजार. कार्ड वापरायचं तर आहे, पण जास्त नाही, न वापरून चालायचं नाही, वापरून संपवायचंही नाही. रुपे कार्ड असल्याने ते यूपीआयला जोडता आलं. मी भाजीवाल्यापासून सलूनपर्यंत सगळीकडे कर्ज काढू लागलो. सगळ्या स्कॅनरवर ते चालत नाही, म्हणून ज्याच्याकडे चालतं तो वडापावचा गाडा हुडकत एकदा बसस्थानकापर्यंत गेलो. वाटेत चांगले तीन गाडे सोडले. नेमके अण्णा तिथे भेटले. मी कौतुकाने त्यांना सगळी प्रक्रिया दाखवली. गाडेवाल्यासमोर ते म्हणाले, "वडापाव? कर्ज काढून?" गाडेवाल्याने मला न मागता जास्तीची तळलेली मिरची दिली.

आणि माझ्या अंगातलं अण्णांचं रक्त गप्प बसेना. रात्री डोक्यावर वडापावाचं कर्ज घेऊन झोप कशी लागणार? मी खाऊन हात धुवायच्या आत पैसे भरून टाकायचो. महिनाअखेर बिल आलं शून्य रुपयांचं. मेहुण्याने कपाळाला हात लावला. "दाजी, बिल तरी येऊ द्या! बिल आलं पाहिजे, मग शेवटच्या तारखेआधी पूर्ण भरायचं." त्याच भरात मी स्कूटरच्या कर्जाचे राहिलेले हप्तेही एकदम भरून टाकले आणि कचेरीत कंदी पेढे वाटले. स्कोअर नऊ अंकांनी खाली आला! सगळी शून्यं असलेलं माझं एकमेव गुणी खातं मी स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. पेढे खाऊन गेलेल्या लोकांना आता काय सांगणार?

बँका २०२५ पासून पंधरा-पंधरा दिवसांनी माहिती कळवू लागल्या होत्या. पण मी रोज सकाळी दात घासायच्या आत स्कोअर बघायचो. आपला आपण बघितला तर कमी होत नाही, एवढा एक दिलासा. ६४१. ६५८. एकदा दोन अंक का घटले म्हणून मी अख्खा दिवस कुणाशी बोललो नाही. बायको म्हणायची, "एवढं पोरांच्या मार्कांकडे बघितलं असतं तर."

मधल्या काळात अण्णांनी गुपचूप एक उद्योग केला. बँकेत जाऊन त्यांनी ठेवीवर स्वतःचं कार्ड काढलं. महिन्याला त्यावर एकच खर्च, रक्तदाबाच्या गोळ्या. बिल आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत जाऊन भरणा. मोबाइलवर भरता येतं म्हटलं तर म्हणाले, "पावती हातात पाहिजे." सहा-सात महिन्यांनी त्यांनी मला हाक मारली. "बघ रे, आला का आकडा."

आला होता. ७६८.

"चांगलाय का?"

"चांगला आहे."

"तुझा किती?"

"सातशे एकोणीस."

अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर पंचाहत्तर वर्षांचा एक नवा सभासद दिसू लागला.

मागच्या आठवड्यात सकाळी त्यांना फोन आला. पलीकडे कुणी तरुण पोरगा होता, दीड लाखाचं वैयक्तिक कर्ज मंजूर झालंय म्हणून सांगत होता. अण्णांनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "बाळ, तुझा स्वतःचा सिबिल किती?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हळू आवाजात, "सहाशे चाळीस, आजोबा. मोबाइलचे हप्ते चुकले."

"कागद आहे का जवळ?" अण्णांनी चष्मा लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि खुर्ची पुढे ओढली. "हां, लिही. पहिलं म्हणजे तीस टक्क्यांच्या वर जायचं नाही. दुसरं, कुणी नावाला सही कर म्हटलं की आपला गुडघा दुखायला लागतो..."